बाळंतपण दवाखान्यात, अशक्तपणा घरात

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका महिला गटाने विचारले आहे: "आमच्या गावात आता कुणाचेच बाळंतपण घरी होत नाही. फोन केला की १०८ येते, वाळपईला आरोग्य केंद्र आहे, पुढे बांबोळीचे मोठे सरकारी रुग्णालय आहे. तरी गरोदर बाईचे रक्त कमीच आणि पोर हडकुळेच. असे का? गट म्हणून आम्ही नेमके काय करावे?"

आधी तुमच्या शंकेला आकड्यांचा आधार आहे का ते पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२०) गोव्यातली ९९ टक्क्यांहून जास्त बाळंतपणे दवाखान्यात झालेली दिसतात. त्याच पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ३९ टक्के बायकांना रक्तक्षय होता. आधीच्या फेरीत हे प्रमाण ३१ टक्के होते. वयाच्या मानाने उंची खुंटलेली पाच वर्षांखालची मुले २० टक्क्यांवरून जवळपास २६ टक्क्यांवर गेली. गोवा लहान असल्याने इथला नमुनाही लहान असतो, म्हणून एकदोन टक्क्यांवर वाद घालण्यात अर्थ नाही. पण दवाखाना सुधारला आणि त्याच काळात घरातली तब्येत सुधारली नाही, एवढे या आकड्यांतून नक्की दिसते.

अज्ञान हे त्याचे कारण म्हणून सांगितले जाते, ते मला पटत नाही. गोव्यात दहापैकी नऊ बायका लिहू-वाचू शकतात. लोहाच्या गोळ्या घ्याव्यात, पालेभाजी खावी, हे त्यांना पाठ असते. कमी पडतो तो मोकळा दिवस, आणि स्वतःच्या मर्जीने खर्च करता येणारा पैसा. गटाने काम तिथून सुरू करावे.

एका तपासणीचा खरा हिशेब मांडून बघा. तपासणी फुकट असते. पण डोंगरावरच्या वाड्यावरून (वस्तीवरून) उतरून सकाळची बस धरायची, नोंद करायची, रक्त-लघवी द्यायची, डॉक्टरांची वाट बघायची आणि परतीच्या बससाठी दुपार घालवायची, यात अख्खी रोजी बुडते. सोबत नवरा किंवा सासू आली तर दुसरीही बुडते. चार तपासण्या तर हव्यातच: पहिली १२ आठवड्यांच्या आत, मग १४ ते २६, २८ ते ३४ आणि ३६ आठवड्यांनंतर. त्याशिवाय सोनोग्राफीसाठी बहुतेकदा वेगळा दिवस, वेगळे ठिकाण. साखरेच्या तपासणीत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पिऊन दोन तास बसायचे असते आणि ती दोनदा करायची असते, पहिल्या भेटीत आणि २४ ते २८ आठवड्यांत. म्हणजे गरोदरपणात सहा-सात दिवस गेले. रोजी ५०० धरा आणि दोन माणसे धरा, की बसभाडे सोडूनच सहा-सात हजार होतात. मग "पोट दुखत नाही, पाय सुजले नाहीत, कशाला जायचे?" हा प्रश्न आळसातून येत नाही. त्या घराचा तो साधा व्यवहार असतो.

यावर गटाला एक गोष्ट सहज जमते. वाड्यावरच्या सगळ्या गरोदर बायकांची तपासणी एकाच दिवशी ठरवावी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर मातांची डॉक्टरांकडून विशेष तपासणी असते, ती तारीख धरावी. एकच गाडी भाड्याने घ्यावी आणि सोबतीला गटातली एकच बाई जावी. पाचजणींबरोबर पाच नवऱ्यांची रोजी बुडण्याऐवजी एकीचाच दिवस जातो. ग्लुकोजची तपासणी आणि रक्ततपासणी त्याच दिवशी होईल का, हे दोन दिवस आधी नर्सला विचारून घ्यावे. हे विचारायचे राहिले तर "परवा या" ऐकून बाई परत येते, आणि परवाचा दिवस उजाडतच नाही.

शेजारच्या महाराष्ट्रासारखी आशा ताईंची फळी गोव्यात नाही, हेही लक्षात असू द्या. घरोघरी जाण्याचा सगळा भार उपकेंद्रातल्या नर्सवर आणि अंगणवाडी सेविकेवर असतो. एका नर्सकडे विखुरलेले कितीतरी वाडे असतात. गटातल्या दोघींनी नर्सकडे वेळेवर निरोप पोहोचवला तरी तिचे अर्धे काम हलके होते.

आता वर्षाचे चक्र पाहा. माझ्या मते या भागातल्या आईच्या तब्येतीचा सगळ्यात मोठा धागा इथे आहे, आणि आरोग्याच्या बैठकांत त्यावर सगळ्यात कमी बोलले जाते.

मार्च ते मे काजूचे दिवस. पहाटे बागायतीत जायचे, वाकून बोंडू (काजूची फळे) गोळा करायचे, बिया वेगळ्या करायच्या, दुपार टळल्यावर परतायचे. वर्षातला रोख पैसा याच दिवसांत हाती येतो, म्हणून पाचव्या महिन्यातली बाईही जाते. मधली तपासणी नेमकी या काळात आली की बुडते. सोबत नेलेले पाणी पुरत नाही, लघवीला जायला आडोसा नसतो म्हणून ती मुद्दाम कमी पिते, आणि लघवीचा जंतुसंसर्ग होतो. गरोदरपणात त्याकडे दुर्लक्ष झाले तर दिवस भरण्याआधी कळा सुरू होण्याचा धोका वाढतो. लघवीला जळजळ होत असेल किंवा कंबरेत थंडी-तापासह दुखत असेल तर काजू संपण्याची वाट पाहू नये, त्याच दिवशी केंद्रात जावे. सत्तरीत २०१५ पासून माकडतापही आहे आणि तो गोचिडीतून येतो. बागायतीतून आल्यावर अंग तपासणे आणि कपडे गरम पाण्यात टाकणे गरोदर बाईने चुकवू नये.

मग जून येतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, ताजे नुस्ते (मासळी) महाग. खालच्या किनारी भागातला पर्यटनाचा हंगाम संपलेला, त्यामुळे हॉटेलात, गाडीवर, बांधकामावर जाणाऱ्या पुरुषाची कमाई आटलेली. त्यात लावणीची मेहनत. खाणपट्ट्यात सप्टेंबर २०१२ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१८ मध्ये खाणी थांबल्यावर ज्या घरांचे ट्रक उभे राहिले, कर्जाचे हप्ते थकले, त्यांना हे पावसाळी महिने आणखी जड गेले. मेहनत सगळ्यात जास्त आणि ताटात प्रथिने सगळ्यात कमी, असे हे दोन-तीन महिने असतात. पोटातल्या बाळाची शेवटची तिमाही त्यात आली तर अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ होण्याची भीती असते.

आपल्याकडे यावर जुना उपाय आहे, पुरुमेंत. मे महिन्यात सुकी सुंगटे (कोळंबी), खारे बांगडे, सोले (आमसुले), कांदे, मिरची भरून ठेवायची. ज्या घरात मे महिन्यात रोकड शिल्लक असते तिथे पुरुमेंत भरते. जिथे काजूचा पैसा आधीच्या उधारीत किंवा दारूत जातो, तिथे जुलैत पसऱ्यावरून (किराणा दुकानातून) रोज थोडे थोडे, चढ्या भावाने आणावे लागते. गटाच्या बचतीतून गरोदर आणि ओल्या बाळंतिणीसाठी वेगळे पुरुमेंत भरता येते. दिवसाला मूठभर, म्हणजे साधारण १५ ते २० ग्रॅम सुकी सुंगटे धरली तर किलोभर एका बाईला दीड-दोन महिने पुरतात. त्याच्या जोडीला कुळीथ, आळसांदे (चवळीसारखे कडधान्य) आणि मूग महिन्याला दोन-अडीच किलो. खाऱ्या बांगड्यापेक्षा सुंगटे बरी, कारण मीठ कमी. रक्तदाब वाढलेला असेल तर खारवलेले मासे बाजूलाच ठेवावेत आणि त्यांच्या जागी अंडी व डाळ द्यावी. सुंगटे स्वच्छ निवडून, कोरडी भाजून, हवाबंद डब्यात ठेवा. ओलसर राहिली तर जुलैत बुरशी धरते, आणि फेकून द्यायला जीव होत नाही म्हणून तीच खाल्ली जातात.

पावसात तायकिळा (टाकळा), तांबडी भाजी आणि शेवग्याचा पाला दाराशी फुकट मिळतो. तो उपयोगाचाच आहे, पण नुसत्या पाल्यावर रक्त भरत नाही. पाल्यातले लोह शरीर फार थोडे शोषते. त्यावर लिंबू पिळले किंवा जोडीला मासळीचा तुकडा असला तर बरेच जास्त शोषले जाते.

लोहाच्या गोळीकडे येऊ. चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर रोज दोन. ७ च्या खाली गेले तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली शिरेतून लोह द्यावे लागते, आणि ५ च्या खाली असेल तर दवाखान्यात दाखलच करावे लागते. एवढे सगळे ठरलेले असूनही रक्त का भरत नाही, हे कळायला एखाद्या घरातली गोळ्यांची डबी उघडावी लागते. चौकटीवरच्या फळीवर, देवाच्या फोटोमागे बिस्किटाचा पत्र्याचा डबा असतो. त्यात तीन पट्ट्या. पहिल्या पट्टीतल्या सहा गोळ्या फोडलेल्या, पुढच्या दोन अखंड. सहा दिवसांनी शौच काळे झाले, मळमळले, आणि गोळी थांबली. शौच काळे होणे हे गोळी पोटात गेल्याचे लक्षण आहे, घाबरण्याचे कारण नाही, हे गोळी देतानाच सांगितले तर पट्टी पुढे सरकते. "गोळीने बाळ मोठे होते, मग पोट कापावे लागते" ही समजूतही जोरात आहे. ती सासूच्या तोंडून आलेली असते, म्हणून तिचे निरसनही सासूसमोरच व्हायला हवे.

दुसरी चूक वेळेची. सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) पाव, चहा आणि त्यासोबतच गोळी. चहा लोह शोषू देत नाही. कॅल्शियमची गोळीही तेच करते, आणि दोन्ही एकाच पिशवीतून मिळत असल्याने दोन्ही एकदम गिळल्या जातात. कॅल्शियम सकाळच्या न्याहारीबरोबर आणि दुपारच्या जेवणाबरोबर घ्यावे. लोह रात्री झोपताना लिंबूपाण्यासोबत घ्यावे. दोन गोळ्या घ्यायच्या असतील तर दुसरीची वेळ नर्सकडून माता-बाल कार्डावर लिहून घ्या, चहा आणि कॅल्शियमपासून दोन तास दूर. नीट चालू असेल तर महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण एकाने वाढते. तेवढे वाढले नाही तर गोळ्या मोजाव्यात. गोळ्या खरेच संपल्या असतील तर तिसऱ्या महिन्याची वाट न बघता डॉक्टरांकडे न्यावे, कारण मग रक्तक्षयाचे कारण वेगळे असू शकते. कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) अनवाणी वावरणाऱ्या बाईला हुकवर्म नावाचा जंत हे एक नेहमीचे कारण आहे. पहिले तीन महिने उलटल्यावर जंताची एक गोळी (अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम) त्यासाठीच दिली जाते. पायात चप्पल घालणे हासुद्धा रक्तक्षयावरचा उपचार आहे.

घरातल्या जेवणाचा क्रम थेट विचारून कळत नाही. "जेवतेस ना नीट?" म्हटले की "हो" येते. "काल माशाच्या हुमणातले किती तुकडे तुझ्या ताटात आले?" असे विचारा. बहुतेकदा पुरुषांना, मग मुलांना वाढून झाल्यावर सुनेच्या वाट्याला रस आणि भात उरतो, आणि सकाळी पेजेबरोबर लोणच्याची फोड. कुणी तिला मुद्दाम उपाशी ठेवत नाही. वाढणारीच शेवटी बसते, म्हणून हे घडते. उपाय एवढाच की तिचा तुकडा आधीच वेगळ्या वाटीत काढून ठेवायचा, आणि काढायचा सासूच्या हाताने. सासूला दोषी धरून कुठलेही घर बदलत नाही. कार्डावरचा आकडा तिला दाखवा, "आई, सुनेचे रक्त नऊ आहे, अकरा पाहिजे, दोन महिने तुमच्यावर सोपवते" असे म्हणा. ज्या घरात सासूला जबाबदारी मिळते तिथे वाटी भरते.

बाळंतिणीचे पथ्य हा याच गोष्टीचा पुढचा भाग. कित्येक घरांत नुस्ते बंद, डाळ बंद, पाणी मोजून, नुसती पेज आणि सुका भात. अळीव, मेथी, डिंक, गूळ जरूर द्यावा, त्यात चांगलेच आहे. पण अंगावर पाजणाऱ्या बाईला गरोदरपणापेक्षाही जास्त अन्न लागते, आणि तहानेइतके पाणी लागते. पथ्य मोडा म्हणण्यापेक्षा पथ्यातच भर घाला: पेजेत मूग, सुक्या भातावर कुळथाचे सार, आणि मासळी चालत नसेल तर अंडे.

पैशाच्या योजनांबद्दल. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, आणि दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६,०००. पहिला हप्ता ३,००० चा, त्यासाठी शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत नोंदणी आणि किमान एक तपासणी लागते. दुसरा २,००० चा, बाळाची जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्यावर. आपल्याकडे हा पैसा एका विचित्र जागी अडकतो: नावात. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत अजून आहे. आधारवर माहेरचे नाव, बँकेत कधीतरी तेच, रेशनकार्डावर सासरचे, आणि अंगणवाडीच्या वहीत घरात हाक मारतात ते. पैसा आधार जोडलेल्या खात्यात जातो. नावे जुळली नाहीत किंवा माहेरचे जुने खाते बंद पडले असेल तर हप्ता परत जातो किंवा कुठे गेला तेच कळत नाही. दिवस गेल्याचे कळताच आधार, पासबुक आणि माता-बाल कार्ड ही तिन्ही शेजारी ठेवून नाव अक्षर न् अक्षर ताडून घ्यावे. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाणार असेल तर निघण्याआधी सासरच्या अंगणवाडीला सांगावे आणि कार्डाच्या प्रत्येक पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा.

गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना २००३ पासून अनुसूचित जमातीचा दर्जा आहे. त्यांच्या बायकांना ग्रामीण भागात दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी जननी सुरक्षा योजनेचे ७०० रुपये मिळतात. रक्कम लहान आहे, पण दाखला हाताशी नसल्याने तीही सुटते. राज्य सरकारच्या गृह आधार योजनेचे महिन्याला १,५०० रुपये बाईच्या खात्यात येतात. पासबुक आणि एटीएम कार्ड कुणाच्या खिशात असते, ते मात्र पाहावे लागते. त्या पैशातली आठवड्याची सहा अंडी तिच्या नावाची, एवढे ठरवून घेतले तरी फरक पडतो.

परप्रांतातून आलेल्या कामगारांच्या वसाहती तुमच्या गावाच्या वेशीवर असतील तर त्या वगळू नका. राज्याच्या आरोग्यविम्याच्या, म्हणजे दीनदयाळ स्वास्थ्य सेवा कार्डाला पाच वर्षांचे वास्तव्य लागते, ते त्यांच्याकडे नसते. पण सरकारी दवाखान्यातले बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त, ने-आण आणि वर्षाच्या आतल्या आजारी बाळाचे उपचार जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत. लस आणि अंगणवाडीचा आहार जिथे राहता तिथे मिळतो. "ती बाहेरची" म्हणून नाव न लिहिणे ही चूक आहे, आणि गोवरासारखा आजार वसाहतीत शिरला तर तो वाड्यावरही येतो.

आता बाळ. गोव्यात सुमारे ३९ टक्के बाळंतपणे सिझेरियनने होतात. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या तासात बाळ छातीला लावायचे राहून जाते, बाटली सुरू होते, आणि एकदा सुरू झालेली बाटली सुटत नाही. दूध पावडरीचा डबा महाग, म्हणून तो पाणी वाढवून पुरवला जातो, आणि बाळाचे वजन तिथेच थांबते. सिझेरियन झाले तरी आडवे झोपून पाजता येते. दवाखान्यात सोबत जाणाऱ्या बाईला हे आधीच शिकवा, कारण त्या वेळी आई शस्त्रक्रियेतून सावरत असते आणि निर्णय सोबतची बाई घेते.

सहा महिन्यांनंतर खरी गळती सुरू होते. आई कामाला, बाळ आजीकडे. आजी प्रेमाने भरवते, पण पातळ पेज. पेजेच्या निवळीने पोट भरते, ताकद मिळत नाही. नाचणीचे तिजान (नाचणीच्या पिठाची खीर) उत्तम, पण कसोटी एकच: चमचा तिरका केला तरी ते ओघळून पडू नये. ६ ते ८ महिने दिवसातून दोन-तीनदा, दोन-तीन चमच्यांपासून वाढवत अर्ध्या वाटीपर्यंत (वाटी २५० मिलीची). ९ ते ११ महिने अर्धी वाटी तीन-चारदा. वर्षानंतर पाऊण ते एक वाटी. प्रत्येक वाटीत चमचाभर तूप किंवा खोबरेल, आणि मऊ डाळ. काटे काढून कुस्करलेली मासळी आणि अंडे सातव्या महिन्यापासून द्यायला हरकत नाही. वर्षभर थांबण्याचे काही कारण नाही. अंगावरचे दूध दोन वर्षे चालू ठेवावे. पसऱ्यावरचे पाच रुपयांचे वेफर्सचे पाकीट रडणे थांबवते आणि पुढच्या वाटीची भूकही घालवते.

दोन महिने वजन जागेवर राहिले तर तिसऱ्याची वाट पाहू नका. सहा महिन्यांवरच्या मुलाच्या दंडाचा घेर पट्टीने मोजा. ११.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर त्याच दिवशी केंद्रात, १२.५ च्या खाली असेल तर अंगणवाडीकडून जादा आहार आणि पंधरा दिवसांनी पुन्हा मोजमाप.

रक्तस्राव, जोराची डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी, झटका, अंगावरून पाणी जाणे, बाळाची हालचाल कमी होणे, यांपैकी काहीही झाले तर लगेच १०८. डोंगरवाड्यांवर मोबाइलची रेंज नेमकी कुठे मिळते आणि पावसात गाडी कुठल्या वळणापर्यंत चढते, हे आठव्या महिन्यात ठरवून त्या घराच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवावे.

कामाची सुरुवात एका मोठ्या कागदाने करा. आडवे बारा महिने लिहा, उभी वाड्यावरच्या गरोदर बायकांची नावे. प्रत्येकीचा पाचवा आणि नववा महिना कुठे येतो तिथे खूण करा. पाचवा महिना काजूत येत असेल तिच्या तपासणीची तारीख फेब्रुवारीतच ठरवून ठेवा. नववा महिना जुलैत येत असेल तिचे पुरुमेंत आधी भरा.